बंड्याचा पगार कोण देतं?

पत्र थोडक्यात असं: घरात चार माणसं आणि बंड्या नावाचा बोका. वय तीन वर्षं. पिल्लू असताना जिन्याखाली सापडला, दीड वर्षापूर्वी त्याची नसबंदी झाली आणि गेलं वर्षभर त्यानं स्वयंपाकघरात उच्छाद मांडला आहे. मासे, चिकन, लोणी, सायीचं दूध, ओट्यावर काही म्हणून ठेवायची सोय राहिलेली नाही. झाकलं तर झाकण पाडतो. ‘परवा फोन वाजला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेले. परत येते तो माशाचा तुकडा याच्या तोंडात आणि काचेची ताटली जमिनीवर. मला बघताच कान पाडून पळाला. म्हणजे आपण चोरी केली हे त्याला बरोबर कळतं, तरी करतोच!’ ओरडून झालं, पाण्याचा फवारा मारून झाला, एकदा चापटही मारली गेली आणि त्याचं अजून वाईट वाटतं. सकाळ-संध्याकाळ पोटभर खायला देतात. सासूबाई म्हणतात, ही जातीची खोड, जायची नाही. त्या स्वतः मासे साफ करताना कधीतरी एखादा तुकडा त्याच्यापुढे टाकतात, ‘पण ती आपली माया.’ नवरा म्हणतो, देऊन टाकू कुणाला तरी. हे ऐकून मुलगा त्या रात्री जेवला नाही. प्रश्न एवढाच, की ही चोरीची सवय मोडायची कशी?

तुमच्या चार पानी पत्रात ‘चोरी’ हा शब्द सात वेळा आला आहे. मी मोजला. म्हणून सुरुवात तिथूनच करू. चोरी करायची तर वस्तू दुसऱ्याची आहे हे आधी कळावं लागतं. बंड्यापुरतं बोलायचं तर ज्या अन्नावर आत्ता कुणाचं तोंड नाही ते अन्न मोकळं. मग तुम्हाला बघून पळतो कशाला? कारण तुम्ही आलात की आवाज होतो, पाणी उडतं, एकदा चापटही बसली. ते कान भीतीनं पडले. पश्चात्ताप वगैरे आपण आपल्याकडचं त्याच्या तोंडावर चिकटवतो.

आता एक गोष्ट बारकाईनं पाहा. तुम्ही ओट्याशी उभ्या होतात तोवर तो चढला नाही. फोन वाजेपर्यंत थांबला. म्हणजे वर्षभर तुम्ही जे शिकवलंत ते त्यानं चोख पाठ केलंय. तुम्हाला वाटत होतं धडा ‘ओट्यावर चढायचं नाही’ असा चाललाय. त्यानं उतरवून घेतला तो ‘ही बाई समोर असताना चढायचं नाही’ असा. फवाऱ्याचा हाच घोटाळा असतो. शिक्षा माणसाला चिकटते, ओट्याला नाही. आणि शिक्षा दहा मिनिटांनी झाली तर ती कशालाच चिकटत नाही. बिचाऱ्याला एवढंच कळतं, की घरातली माणसं अधूनमधून बिथरतात. तेव्हा चापटीचं वाईट वाटून घेणं आता पुरे, पण फवाऱ्याची बाटली झाडांसाठी वापरा.

1898 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडलं आणि बाहेर खाणं ठेवलं. मांजर आधी ओरबाडायचं, फटीतून पंजे घालायचं, आणि या झटापटीत चुकून दोरी ओढली जायची किंवा खटका दाबला जायचा. दार उघडायचं. पुढच्या वेळी ओरबाडणं थोडं कमी, त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी, आणि शेवटी पेटीत टाकताच मांजर सरळ खटक्याकडे जायचं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या हालचालीचं फळ मिळालं ती टिकली, बाकीच्या गळून पडल्या. तुमचा ओटा ही तशीच पेटी आहे. झाकण पंजानं ढकललं की मासा मिळतो, हे बंड्या कधीतरी अपघातानं शिकला. त्यानंतर दर वेळी त्या शोधाचा पगार त्याला तुमच्या घरातून मिळत आला.

आता सासूबाईंच्या तुकड्याकडे येऊ. तुम्ही तो ‘माया’ म्हणून एका ओळीत संपवलात, मला मात्र सगळ्या पत्रात तोच महत्त्वाचा वाटला. रोज ठरल्या वेळी मिळणारी गोष्ट बंद झाली, तर जनावर काही दिवस वाट बघून नाद सोडतं. कधी मिळते, कधी मिळत नाही अशा गोष्टीचा नाद मात्र फार चिवट. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस हरत असतानाही तिकीट का घेतो, याचा विचार करा. दहा वेळा हाकललं आणि अकराव्या वेळी तुकडा मिळाला, तर बंड्याच्या दृष्टीनं दहा वेळा हाकललं जाणं हा तिकिटाचा खर्च झाला. तुमच्या घरात तीन माणसं हाकलतात आणि एक माणूस अधूनमधून लॉटरी फोडतं. (मुलाचंही एकदा विचारून बघा. ताटातलं खाली पडतं ते नेहमी चुकून पडत नसतं.)

दुसरं गृहीत म्हणजे ‘पोटभर खायला देतो’. वाडगा भरलेला असतो यावर माझा विश्वास आहे. पण एका उंदरात साधारण तीस कॅलरी असतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे लागतात. म्हणजे स्वतः शिकार करणारं मांजर दिवसभरात सात-आठ वेळा थोडंथोडं खातं. त्याचं पोट त्याच हिशेबानं घडलंय. सकाळी आठ आणि रात्री आठ ही आपली सोय. मधल्या बारा तासांत बंड्या ‘भरल्या घरात उपाशी’ असतो आणि नेमक्या त्याच वेळेत ओट्यावर मासा निवत असतो. ताजी शिकार कोमट असते. म्हणून शरीराच्या उष्णतेच्या जवळपास असलेलं अन्न मांजराला सगळ्यात जास्त भावतं. आपण गरम पदार्थ निवायला ठेवतो, तो हळूहळू त्याच उष्णतेवर येतो आणि वासानं घर भरतं. आपणच ताट वाढून हाक मारल्यासारखं आहे हे.

तेव्हा पहिला बदल वाडग्यात करा. रोजचं खाणं तेवढंच ठेवून त्याचे चार-पाच भाग पाडा आणि त्यातला एक भाग स्वयंपाकाला लागण्याच्या पंधरा मिनिटं आधी द्या. घरी कुणी नसतं तेव्हासाठी वेळ लावून उघडणारं खाण्याचं यंत्र मिळतं, ते चालतं. ‘तेवढंच’ या शब्दावर जोर आहे. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज उलट कमी होते. तुमच्या पत्रातल्या तारखा त्याच्याशी जुळतात. भूक वाढली म्हणून वाडगाही वाढवला, तर ओटा सुटणार नाही आणि बंड्या मात्र गलेलठ्ठ होईल.

इथेच त्याला एकदा तराजूवर ठेवा. सोपं आहे: त्याला उचलून वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा, वजाबाकी करा. महिन्याभरानं पुन्हा. खाणं वाढलंय आणि वजन घटतंय असं दिसलं, तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून आधी पशुवैद्य गाठा. बंड्याच्या वयात पोटातले जंत हा पहिला संशय. मधुमेहही असू शकतो. वाचकांपैकी कुणाचं मांजर दहाच्या पुढचं असेल आणि म्हातारपणी अचानक खा-खा सुटली असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही भूक भडकते.

आता ओटा. ‘शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या नशिबाबद्दल बोलताना वापरतो, पण ती नीट ऐका. तीत बोक्याला कुणी नावं ठेवलेली नाहीत. तुटलंय ते शिंकं. तुमच्याकडे अशी तुटलेली शिंकी तीन-चार तरी आहेत. नुसतं वर ठेवलेलं झाकण हे त्यातलं पहिलं. बोक्याला ते ढकलायला एक पंजा पुरतो. खटक्यानं बंद होणारे डबे घ्या, किंवा निवायचं भांडं कपाटात, बंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. (ओव्हनमध्ये ठेवलंत तर घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी सवयीनं बटण दाबेल.) दुसरं म्हणजे सिंकमधली खरकटी भांडी. तिसरं, कचऱ्याचा उघडा डबा. पायानं उघडणारा घ्या, जड बुडाचा. कपाटाची दारं पंजानं उघडत असेल तर लहान मुलांसाठी मिळणारे खटके लावा. स्वयंपाकघराला दार असेल तर फोन वाजल्यावर ते ओढून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दार नसेल, तर फोन घ्यायला जाताना भांडंच बरोबर न्या. वेड्यासारखं दिसतं, मी वर्षभर नेत होते.

हे सगळं त्याच्यासाठीही करायचं आहे. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो की वाटून रश्श्यात घातलेला, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. शिजलेली हाडं टोकदार तुटतात. मांसाला बांधलेला दोरा गिळला गेला तर आतडी गोळा होतात आणि शस्त्रक्रियेची पाळी येते. चॉकलेट, मनुका, न भाजलेलं यीस्टचं पीठ, हेही त्याच्या वाटेत नको. दुधाची सवय तर मोडूनच टाका: मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पातळ होतं. सायीवर तो जातो तो स्निग्धपणासाठी. मांजराला गोड चवच लागत नाही; गोडाची जाणीव करून देणारं एक जनुक त्यांच्यात निकामी असतं, हे 2005 साली उजेडात आलं.

आणि शेगडी. पंजाचा स्पर्श काचेच्या विजेच्या शेगडीला माणसाच्या बोटासारखाच वाटतो आणि ती चालू होते. दक्षिण कोरियातल्या सेऊलच्या अग्निशमन विभागानं जानेवारी 2019 ते नोव्हेंबर 2021 या काळात मांजरांमुळे लागलेल्या 107 आगी मोजल्या होत्या, आणि त्यातल्या साधारण निम्म्या वेळा घरात माणूस नव्हतं. बटणांना कुलूप लावायची सोय तुमच्या शेगडीत असेल तर आजच शोधून काढा.

एवढं केल्यावर ओट्यावरचा पगार बंद होतो. पण बंड्याला स्वयंपाकघरात नुसतं खाणं हवंय असं नाही. तिथे ऊब आहे, उंची आहे, माणूस आहे आणि तुम्ही काय करता ते बघायचंय. जमिनीवरून त्याला तुमचे पाय दिसतात. म्हणून त्याला बसायला जागा द्या. ओट्यापासून चार-पाच फुटांवर एक उंच स्टूल, ओट्याच्या उंचीचं किंवा थोडं जास्त, वर जुना टॉवेल.

शिकवायची पद्धत नीट सांगते, कारण इथेच माणसं घाई करतात. सुरुवात स्वयंपाक नसताना, ओटा मोकळा असताना. तो स्टुलावर चढला की लगेच एक तुकडा, टॉवेलवरच ठेवायचा, हातात धरायचा नाही. तुकडा वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा. रोजच्या खाण्यातूनच काढलेला. चार-पाच वेळा झालं की ‘जागेवर’ असा एक शब्द जोडा आणि घरात सगळ्यांनी तोच शब्द वापरा. मग तुकड्यांमधलं अंतर वाढवा: पाच सेकंद बसला, तुकडा, दहा बसला, तुकडा, अर्धं मिनिट. हे दोन-चार दिवस जमलं की तुम्ही ओट्याशी भाजी चिरा, त्याला ज्यात रस नाही असं काहीतरी. मासा सगळ्यात शेवटी. मध्येच ओट्यावर उडी मारली तर काही न बोलता उचलून खाली ठेवा, चेहरासुद्धा कोरा. आणि लगेच तुकडा देऊ नका. ही चूक मी स्वतः केली आहे. आमची मांजरी ओट्यावर चढे, मी उतरवे, स्टुलावर बसवून तुकडा देई. आठवड्यात तिच्या डोक्यात साखळी पक्की झाली: आधी ओटा, मग मी, मग तुकडा. ती तुकड्यासाठी ओट्यावर चढायला लागली. उतरवल्यानंतर निदान मिनिटभर जाऊ द्या.

स्टुलाआधी ओटा मोकळा करायला का सांगितलं तेही ऐका. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 17 पाळीव मांजरांपुढे दोन गोष्टी ठेवल्या होत्या: एक खटपट करून खाणं काढायचं खेळणं आणि एक उघडी थाळी. 2021 साली निष्कर्ष छापून आला. बहुतेक मांजरांनी जास्त खाल्लं ते थाळीतलं. म्हणजे ओट्यावर फुकटचा मासा असेल तर स्टुलावर शहाण्यासारखं बसून मिळणाऱ्या कणभर तुकड्याला बंड्या विचारणार नाही. दोन्ही एकदम चालत नाही.

पहिले आठ-दहा दिवस तो जास्त वाईट वागेल, हे आत्ताच लिहून ठेवा. डब्यांवर उड्या मारेल, रात्री कपाट खाजवेल, ओरडेल. नेहमीचं नाणं टाकून यंत्रातून काही आलं नाही तर आपणही आधी यंत्राला दोन गुद्दे मारतोच. याच दिवसांत घरातलं कुणीतरी ‘आजच्या दिवस दे रे’ म्हणतं, आणि बंड्याला कळतं की गुद्दे जोरात मारायचे असतात. तेवढे दिवस काढा.

या काळात लोक काय काय सुचवतील त्यातलं बरंचसं करू नका. ओट्यावर तिखट पसरू नका. ते पंज्यातून डोळ्यांत जातं. डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी आहेत. संत्र्या-लिंबाच्या वासाची, निलगिरीची वगैरे तेलंही नकोत. ती अंगाला लागली की मांजर चाटतं, आणि तसली द्रव्यं निकामी करायची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. ओट्याच्या कडेला दुतर्फा चिकटणारी पट्टी लावून बघायला हरकत नाही. पंजाला चिकट लागलं की बरीच मांजरं माघार घेतात, आणि त्यात तुमचा हात दिसत नाही. सगळ्यांवर चालतंच असं नाही.

ज्यांच्याकडे खिडकीतून बाहेरचा बोका येऊन ताव मारतो त्यांना यातलं स्टूल उपयोगी नाही. तिथे जाळी लावा, आणि जमलं तर त्या बोक्याची नसबंदी करून घ्या.

आता सासूबाई. त्यांना ‘तुकडा देऊ नका’ असं सांगायला जाऊ नका. एक तर त्या ऐकणार नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं? त्यांचं त्याच्यावर प्रेम आहे आणि ते दाखवायची त्यांची हीच रीत आहे. सांगायचं ते एवढंच: ‘आई, तुकडा द्या, पण स्टुलावर बसला तरच.’ माझा अंदाज असा, की शिकवण्याचं काम तुमच्यापेक्षा त्यांनाच चांगलं जमेल. मासे साफ करायला बसणारं माणूस एका जागी असतं, त्यांच्या हातात बंड्याला हवी ती वस्तू असते आणि त्याला त्यांची भीती नाही. तुमच्याबद्दल ती सध्या आहे. ती जायला थोडा वेळ लागेल. म्हणून रोजच्या वाडग्यांपैकी एक तरी तुमच्या हातून जाऊ द्या.

मुलाला कॅलेंडर द्या. बंड्याला ओट्यावरून किंवा ताटातून काहीही मिळालं की त्या दिवसावर खूण आणि ते कुणामुळे मिळालं त्याचं नाव. उघडं राहिलेलं भांडं असेल तर ज्यानं उघडं ठेवलं त्याचं. बंड्याचं नाव लिहायचं नाही. बाबांचं नाव पहिल्या आठवड्यात दोनदा आलं तर तो ते मोठ्या आनंदानं वाचून दाखवेल, दाखवू द्या.

राहिला देऊन टाकण्याचा विचार. तुमच्या नवऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. वर्षभर रोज संध्याकाळी घरात आरडाओरडा ऐकून माणूस कंटाळतो. पण ज्यांच्याकडे द्याल त्यांच्याकडेही ओटा असेल, आणि बंड्या ही कला बरोबर घेऊन जाईल. कॅलेंडरवर सहा आठवडे होईपर्यंत हा विषय बंद, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. त्यानंतरही द्यायचंच ठरलं, तर घेणाऱ्यांना झाकणाची गोष्ट न लपवता सांगा.

आणि फुटलेल्या ताटलीच्या जागी नवी आणणार असाल, तर तूर्तास स्टीलची आणा.